नऊ वाजताचा रिपोर्ट

मधुभाऊंच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्यांना माझा नमस्कार. अक्का, नाना, पाइप कारखान्यातली जुनी मंडळी, सावद्याहून आलेले नातेवाईक. मला बोलायला उभं केलंय, पण मी बोलणारा माणूस नाही. मधुभाऊही नव्हते. आम्ही दोघं एका खोलीत आठ वर्षं बसलो ते बहुतेक न बोलताच.

मी दिलीप. धुळ्याच्या कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळतो. त्याआधी इथे जळगावला कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मधुभाऊंच्या हाताखाली होतो. हा धंदा मला त्यांनी शिकवला. मग मी धुळ्याला गेलो, भाऊंनी नोकरी सोडली, आणि पुण्याच्या एका कंपनीचं काम आम्ही दोघांनी मिळून घेतलं. ते त्यांच्या खोलीवरून, मी धुळ्याहून.

काय काम होतं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सांगता येणार नाही. प्रोग्रॅममधली चूक शोधायला दुसरा एक प्रोग्रॅम लागतो. त्याला डिबगर म्हणतात. तो पहिल्याच्या मागे उभा राहून त्याचं प्रत्येक पाऊल बघतो. आता एका प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक कामं चालू असतात. त्या एकेका कामाला थ्रेड म्हणतात. काम संपलं की थ्रेड निघून जातो. नजर ठेवलेली असतानाच तो निघून गेला, तर डिबगर काय करतो? हे आम्ही तपासत होतो.

भाऊंच्या या बहिणीनं, अक्कांनी, एकदा त्यांना विचारलं होतं, तू दिवसभर करतो तरी काय? भाऊ म्हणाले, "अक्का, आपल्या केळीच्या बागेत दहा मजूर घड कापताहेत. मुकादम सगळ्यांवर लक्ष ठेवून आहे. त्यातला एक न सांगता घरी गेला. मुकादमाला ते कळलंच नाही. तो त्याला हाका मारत बसला, आणि बाकीचे नऊ हात बांधून उभे."

अक्का म्हणाल्या, "मंग असा मुकादम कायले ठेवला रे?"

भाऊ हसले होते. म्हणाले, "तेच तर पुण्यावाल्यांना सांगतोय."

हसा, हसा. त्यांना चाललं असतं. अक्का, तुमच्या गच्चीवरचे पापड इतकी वर्षं आमच्या चुकांवर वाळले आहेत. भाऊ छापलेला एकही कागद फेकायचे नाहीत. गठ्ठे बांधून तुमच्याकडे सावद्याला न्यायचे.

तर भाऊंनी त्यासाठी छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. एकात थ्रेड जन्मला की लगेच जायचा. एकात डिबगरनं हात लावायला आणि त्यानं जायला एकच गाठ पडायची. एकात मुख्य थ्रेडच आधी जायचा, बाकीचे मागे राहायचे. बहुतेक वेळा डिबगर बरोबर वागायचा. गेलेल्याचं नाव यादीतून काढायचा आणि पुढे चालायचा. पण कधीतरी, अगदी क्वचित, तो अडकायचा. जो गेलाय त्याचीच वाट बघत बसायचा. आणि आम्ही बघायला गेलो की चूक गायब.

मी म्हणालो, भाऊ, सोडा. हजारात एकदा होतं, कोणाला कळणार?

ते म्हणाले, "दिलीप, जाणारा कसा का जाईना, तो गेला हे कळलंच पाहिजे. मागे राहणाऱ्याचं तेवढं एकच काम असतं."

मग त्यांनी ती चाचणी दिवसभर, पुन्हा पुन्हा, आपोआप चालेल अशी लावली. आणि रोज सकाळी नऊ वाजता त्यांचं मशीन धुळ्याच्या माझ्या मशीनला फोन लावून रिपोर्ट टाकायचं. खाली एक ओळ असायची. सर्व ठीक.

मशीन मशीनला फोन करायचं. आम्ही दोघं करत नव्हतो.

पूर्वी करायचो. लाईट गेली की रिपोर्ट यायचा नाही. मग मी फोन लावायचो. भाऊ, काय झालं? काही नाही रे, लाईट गेलीय. तेवढ्यावर अर्धा तास गप्पा. काय खाल्लं, गुडघा कसा आहे, पुण्यावाले काय म्हणतात. या वर्षी मीच मागे लागून त्यांना इन्व्हर्टर घ्यायला लावला. रिपोर्ट चुकायचा बंद झाला. फोनही बंद झाला. मी धुळ्यात एकटा, ते इथे एकटे. रोज सकाळी ती ओळ वाचायचो आणि मला वाटायचं, भाऊ ठीक आहेत.

आता जे सांगायचं आहे ते.

भाऊ सोमवारी सकाळीच गेले, असं डॉक्टर म्हणाले. सोमवारी नऊला रिपोर्ट आला. सर्व ठीक. मंगळवारी आला. सर्व ठीक. मंगळवारी तर मी उलट निरोप टाकला. लिहिलं, "भाऊ, आता तरी कबूल करा, चूक गेली. हरलात." उत्तर आलं नाही. मला वाटलं, रुसले. मला हसू आलं. हो, मी हसलो.

कळलं कोणाला? दूधवाल्याला. ते मागे उभे आहेत, त्यांना मी हात जोडतो. भांडं दारात नाही हे त्यांनी सोमवारीच पाहिलं. वाटलं, भाऊ सावद्याला गेले असतील. मंगळवारीही नाही, बुधवारी पुन्हा नाही, तेव्हा त्यांनी घरमालक नानांना उठवलं. नानांनी दार तोडलं. आत मशीन चालू होतं. त्या दिवशीही नऊला रिपोर्ट आला, मंडळी. मी तो वाचला आणि चहा प्यायलो. दहाला नानांचा फोन आला.

डॉक्टर म्हणतात, झटका मोठा होता, तू सोमवारी फोन केला असतास तरी ते वाचले नसते. असेल. पण दोन दिवस ते तसे एकटे पडून राहिले नसते. गेलेल्याची खबर लागते की नाही, हे तपासायचं आमचं काम. दोन वर्षं तेच केलं. आणि मला खबर लागली नाही.

अक्का, तुमच्याकडे बघून बोलायचं आहे. अंत्ययात्रेच्या दिवशी तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुह्यासंगं त्याचं रोज बोलनं व्हायचं, म्हनून मले त्याची काळजी नव्हती." मी मान हलवली. सगळ्यांसमोर हलवली, म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. ते खोटं होतं. सहा महिन्यांत मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. तुम्ही माझ्या भरवशावर राहिलात आणि मी एका ओळीच्या भरवशावर. तुमचा भाऊ माझ्याशी रोज बोलत नव्हता, अक्का. तो कोणाशीच बोलत नव्हता.

यावर तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. दार लावून घेतलंत तरी मी रविवारी सावद्याला येणार आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही येईन.

आता कोणी उभं राहू नका. वयस्कर मंडळी बरीच आहेत. बसल्या जागीच थोडा वेळ गप्प राहू. मी घड्याळ लावणार नाही. अक्का काहीतरी बोलेपर्यंत आपण कोणीच बोलायचं नाही.