ट्रॅक्टरच्या घरातला शब्द

—नाही हो ताई, मोबाइल नुसता पर्समध्ये आहे म्हणून भागत नाही. तो वाजला की हात जातो, हात नाही गेला तरी मन जातं — सेकंड टाका, क्लच पूर्ण दाबा, हं — आणि घाबरू नका, माझ्याही पायाशी ब्रेक आहे. तर आमच्या क्लासच्या भिंतीवर तो बोर्ड आहे ना, डिस्ट्रॅक्शन टाळा म्हणून, तो मीच लावलाय, लावून जमाना झाला. पण शब्दाचा अर्थ कळला गेल्या वर्षी. तुमच्याच जागेवर एक प्रोफेसर बसायचे, इंग्रजीचे, रिटायर झालेले. गाडी काही त्यांना जमली नाही, वळण आलं की स्टिअरिंगऐवजी तेच माझ्याकडे वळायचे — आरशात बघा, मागून बस येतेय, जाऊ द्या तिला — मी विचारलं, सर, डिस्ट्रॅक्शन म्हणजे नेमकं काय? लक्ष उडणं, एवढं मलाही येतं, पण मुळात काय? स्वारी खूश. म्हणाले, मूळ लॅटिन, ओढून वेगवेगळं करणं. ट्रॅक्टर आणि हा शब्द एकाच घरातले. ट्रॅक्टर एका दिशेला ओढतो, हा चहूकडे. म्हटलं, म्हणजे आपली ओढाताण. म्हणाले, अगदी तेच. पूर्वी तिकडे वेड लागलेल्या माणसालाही हाच शब्द लावायचे. आणि गंमत म्हणजे करमणुकीलाही हाच, कारण तीही मन दुसरीकडे ओढून नेते. एवढं सांगून होईपर्यंत पुढचं चाक फुटपाथवर.

मी का विचारलं? सहज. — सहज कसलं, डॉक्टर बोलले होते म्हणून. आमच्या हिचे डॉक्टर. हिचं काय झालं, आधी दूध उतू जायचं, ते सगळ्यांचंच जातं, आपण हसायचो. मग गॅस तसाच राहायला लागला. मग एकदा भाजी आणायला म्हणून गेली ती भर चौकात उभी, दोन्हीकडून गाड्या, आणि ही पिशवी छातीशी धरून विचार करतेय की आपण निघालो होतो कुठे. शेजारीपाजारी कुजबुजायला लागले, डोक्यावर परिणाम झालाय. मी दिवसभर लोकांना शिकवणार नजर कुठे ठेवायची ते, आणि घरी हिच्यावर नजर ठेवायची कोणी? मुलगा लांब, तो फोनवर म्हणाला, बाबा, चांगली संस्था आहे, ठेवू या. ठेवलं. रोज संध्याकाळी जायचो. मला बघितलं की ही उठायची, पिशवी काखोटीला मारायची, चपला शोधायची. म्हणायची, चला, उशीर झाला. आणि मी निघालो की दाराशी उभी, जेवायची नाही, कोणाचं ऐकायची नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले, तुम्ही आलात की त्या डिस्ट्रॅक्ट होतात, थोडे दिवस येऊ नका, त्यांना रुळू द्या. म्हणजे बघा, आयुष्यभर मी त्या बोर्डाखाली बसलो आणि — थर्डची घाई नको, पुढे वळायचंय. इंडिकेटर द्या.

हो, आजही इकडूनच. परवाही विचारलंत तुम्ही, रोज हाच रस्ता का. चढ चांगला आहे, रहदारी नाही, नवख्या माणसाला बरं पडतं — इथे हॉर्न नको, दवाखान्याचा बोर्ड आहे. हळू. अजून हळू. तो दुसरा मजला, कोपऱ्यातली खिडकी. कधी ही दिसते, कधी नुसता पडदा. माझे सगळे विद्यार्थी पार्किंग इथेच शिकले आणि पक्कं शिकले, पुन्हा पुन्हा करायला लावतो ना. सिस्टर फोनवर सांगतात, काका, काकू आता छान रुळल्या, दाराशी जात नाहीत, वेळेवर जेवतात, आता तुम्ही खुशाल येत चला. ऐकलं, फोन ठेवला आणि मीच ताटावरून उठलो. म्हणजे आनंदच झाला. होणारच की. तिचं बरं चाललंय याचा त्रास कोणाला होईल?

मग जात का नाही? अहो, कामं असतात. सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच. शिवाय परत तिची ओढाताण नको. बसलंय मन एका जागी तर बसू दे. — नाही ताई, ते नाही. ओढाताण होईल याची कसली भीती. गेलो, समोर उभा राहिलो, आणि काहीच झालं नाही तर? उठलीच नाही, चपला शोधल्याच नाहीत, नुसतं बघितलं, जसं मीटर बघायला आलेल्या माणसाकडे बघतात तसं — तर मग मी घरी येऊन काय करायचं? इथून खालून बरं आहे. इथून वाटतं, तिला माहीत आहे.

का थांबवलीत? बंद पडली? हँडब्रेक कशाला ओढलात — आणि किल्ली का काढताय? नाही, नाही. अजून अर्धा क्लास शिल्लक आहे, तुमचा यू-टर्न अजून मोठा जातो. आणि शिकाऊ माणसाला गाडीत एकटं सोडून उतरायचं नाही, नियम आहे. तसं बघू नका माझ्याकडे. शर्टसुद्धा सकाळपासूनचा आहे.

… किल्ली इकडे द्या, तुमच्याकडे नको. काच वर घ्या. कोणी विचारलं तर सांगा, सर येतायत. आणि वर बघत बसू नका.