मका लावायचा नाही

(गौलीगुड्यातली एक खानावळ. संध्याकाळी चतुराबाई रात्रीच्या जेवणाची कणीक मळताहेत. लेक प्रणिता तारनाक्याच्या विद्यापीठात इतिहासात संशोधन करते. गुलामीतून सुटलेल्या काळ्या शेतकऱ्यांवरचं उद्याचं भाषण ती आईला ऐकवते आहे.)

चतुराबाई : थांब जरा. दुकानदारानं पीठ दिलं, कपडे दिले, बी दिलं. अन् पैसे मागितले नाहीत?

प्रणिता : पैसे होते कुठं, आई? गुलामी संपली, पण जमीन नाही, खेचर नाही, खिशात दमडी नाही. दुकानदार म्हणायचा, घेऊन जा, कापूस आला की त्यातून वळते करून घेतो. फक्त उधारीचा भाव वेगळा, लई चढा.

चतुराबाई : उधारीचा भाव चढाच असतो. त्यात नवल काय?

प्रणिता : पुढं ऐक ना. अट होती. शेतात नुसता कापूस लावायचा, मका लावायचा नाही.

चतुराबाई : मका काहून नाही?

प्रणिता : मका म्हणजे त्यांची भाकरी. घरी पिकला तर दुकानात कोण जाईल? मग खायचं पीठसुद्धा त्याच्याकडूनच, उधारीवर. सगळ्यांनी कापूस लावला, कापसाचा भाव पडला. हिशेब काही फिटायचा नाही, बाकी पुढच्या वर्षावर. अन् बाकी आहे तोवर दुसऱ्या दुकानाची पायरी चढायची नाही. छोटे गोरे शेतकरी पण असेच अडकले. जन्म गेले लोकांचे. आई, हात का थांबला तुझा?

चतुराबाई : उद्या सकाळी मशीन येतीय.

प्रणिता : कसली मशीन?

चतुराबाई : फ्रीजर. कोठीहून तो मसालेवाला रितेश येतो ना, तो ठेवणार, फुकट. तयार चपात्या, भाज्यांची पाकिटं, दहीपण तोच देणार. आत्ता काही देऊ नका म्हणाला, डब्यांच्या पैशातून दर महिन्याला कापून घेतो. माझे गुडघे हे असे. मला वाटलं, देवच पावला.

प्रणिता : मग बरंच आहे की.

चतुराबाई : अट आहे. घरी काही रांधायचं नाही. अन् माल दुसरीकडून आणायचा नाही.

प्रणिता : आई.

चतुराबाई : मी हो म्हणून बसले गं.

प्रणिता : सही केलीस?

चतुराबाई : उद्या, मशीन उतरल्यावर.

प्रणिता : मग आत्ताच फोन लाव. मी बोलू का?

चतुराबाई : हो मी म्हटलंय, नाही पण मीच म्हणते. दे इकडं. हॅलो, रितेश बेटा. वो मशीन नक्को. हां, सोची मैं. नाराज नक्को हो, मसाला लेती ना तुमारेच पास, पैसे देके लेती. मशीन नक्को.

प्रणिता : काय म्हणाला?

चतुराबाई : दोनदा म्हणाला, सोचो अम्मा. मग म्हणाला, ठीक आहे, खानावळी काय कमी आहेत. बाई, छातीवरचा धोंडा उतरला बघ. चपात्या लाटायला गल्लीतल्या रंजनाला बोलावते आता.

प्रणिता : रविवारी मी पण लाटते.

चतुराबाई : तुझ्या चपात्या बघून आहेत ती गिऱ्हाइकं पळतील. पण एक घोळ झाला गं. उद्यापासून पाकिटातलं दही म्हणून दुपारी होतं नव्हतं ते सगळं वाढून टाकलं. विरजणाला चमचाभर ठेवलं नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यात खंड नव्हता.

प्रणिता : खालच्या इंदुमतीकाकूंना तूच दिलं होतंस ना?

चतुराबाई : दिवाळीत. त्यांचं नासलं होतं तेव्हा.

प्रणिता : मग त्यांच्याकडून आणते. पण दिवे लागले की. या वेळेला दही मागू नये, तूच म्हणतेस.

चतुराबाई : मागायचं काय त्यात, आपलंच आहे ते. जा. अन् वाटी रिकामी नेऊ नको, साखर घाल थोडी.