गुळगुळीत रस्त्याची गाडी

तुमी हसाल, पण रिमोटची गाडी ठरवताना माझी झोप उडाली होती. मुंबईचा दुकानदार सांगत होता, "शहापूरला राहता ना? मग खड्ड्यांतून उड्या मारणारी घ्या." मला मात्र गुळगुळीत रस्त्यावर, जमिनीला चिकटून पळणारीच पायजे होती. घेतली. तरी चैन नाय. बेअरिंगं बदलली, टायर बदलले, ताकदीची मोटर बसवली. फक्त पळवायला रस्ता नव्हता. भातसानगरच्या धरणाच्या कॉलनीत रस्ते बरे, पण तिथंपण ती खडीवर पोट घासायची.

तेवढ्यात आमच्या काकीनं भात झोडायला अंगणात खळं केलं. चोपून, शेणानं सारवून असं केलं, की हात फिरवला तर खडा लागायचा नाय. काकी आत गेली नि मी गाडी सोडली. काय पळाली म्हणून सांगू. पण पहिल्याच वळणाला नवी मोटर गरकन फिरली आणि ओलसर सारवणाचे पोपडे उडाले. बघतो तर काकी दारात.

"झाला खेळ?"

"झाला."

"मग ते लाकडी चोपणं घे. पयल्यापासून कर."

भर उन्हात चोपलं. जरा उंचवटा दिसला की गाडीचं पोट आठवायचं, परत चोपायचो. काकीनं तळवा फिरवून बघितला, कुठं खडा लागला नाय.

संध्याकाळी शेजारची मावशी हजर. "माझंपण खळं करायचंय रे. तुझी काकी म्हणाली, मजुरी नको देऊ, फक्त वाळल्यावर गाडी पळवू दे."

मी गुपचूप बॅटरी चार्जिंगला लावली.