दोन तासांचं तेल

माझं माहेर पालमच्या अलीकडं, कोरडवाहू गाव, आन् आमच्या घरात पदवीचा कागद आणणारी मीच पहिली. बढाई म्हणून न्हाई सांगत, आन् बढाई असली तरी असू द्या, कमावलेली हाय. कॉलेजच्या फॉर्मवर आईनं अंगठा दिला तर शाई माझ्या फोटोलाच लागली, क्लार्क म्हणला दुसरा फोटो आणा, मी म्हणलं चालतंय की, तोंड तर दिसायलंय. एसटीनं जाऊन येऊन परभणीला बीएस्सी केली. तिथं प्रयोगशाळेत एकदा बरणीतल्या डासाच्या अळ्यांवर गवती चहाचं तेल टाकलं, आन् काय सांगू तुमाला, थोड्या वेळानं वळवळच थांबली. मला वाटलं, झालं, आता डास संपले.

लग्न होऊन झरीला आले. आमचे हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतेत, हात लय चांगला, त्यांनीच स्टीलच्या टाकीला तांब्याची नळी जोडून तेल काढायची भट्टी करून दिली. खाली पाणी उकळायचं, वाफ गवती चहातून वर जाती, नळीत गार होती, आन् बाटलीत पाण्यावर तेल तरंगतंय. पोतंभर गवताला वाटीभर तेल, तेवढंच. पहिल्या दिवशी सासूबाई, आमी त्यांना मामी म्हणतो, दारात उभ्या राहून म्हणल्या, गाव काय म्हणंल, शिकलेली सून दारू गाळायली. आन् खरंच दोघं वास काढत आले की! चहाचा वास निघाला म्हणून तोंड पाडून गेले.

ते तेल खोबरेलात मिसळून मी बाटल्या भरायचे आन् सांगायचे, सांजच्याला हातापायाला लावा, डास फिरकत न्हाईत. शिकलेली बाई सांगती म्हणल्यावर लोकांनी ऐकलं. तिथंच घोळ झाला बघा.

शेजारच्या गोदाकाकूंची नात अनू, सात वर्षांची, तापानं फणफणली. डेंग्यू निघाला, परभणीला दवाखान्यात ठेवलं. काकू तिला रोज सांजच्याला न चुकता माझंच तेल लावायच्या. मला कळलं तवाच माझी चूक ध्यानात आली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतलेले हो, आन् गावाला सांगताना सांजच्याला म्हणले, कारण आमच्याकडं डास म्हणलं की दिवेलागणीला कानाशी घोंगावणारा तोच. आन् तेलाचा वास तर दोन तासांत उडतोय, हे मला भट्टीवर रोज दिसायचं, पण तोंडातून कधी काढलं न्हाई.

मामी म्हणल्या, गप बस, तुझं नाव कुणी घेतलंय का? कुणीच घेतलं नव्हतं, तेच तर अवघड. गप बसले तर माझं नाव राहत होतं, आन् गावातली बाकीची लेकरं तसंच तेल लावून दिवसभर उघड्या पायानं हिंडत होती.

काकू कपडे न्यायला घरी आल्या तेव्हा गेले. अंगणात रांजण, झाकण उचललं तर आत अळ्याच अळ्या. नळाला पाणी आठ दिवसाला, ओतून कोण देतंय? सरकारी दवाखान्याची आशाताई सांगून सांगून थकली, काकू म्हणल्या, पण तुझं तेल हाय म्हणून मीच घासायचं सोडलं गं. मी म्हणलं, काकू, चूक माझी हाय, मी अर्धंच सांगितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, म्हणल्या, एवढं शिकून हेच का? मग म्हणलं, रांजण पालथा करा. त्या म्हणल्या, आन् पाणी काय तुझा बाप देणार? म्हणलं, मी देते. आमच्या घरचे दोन हंडे नेले, आन् रांजण आतून राखेनं घासला, कारण अंडी कडेला चिकटून असतेत, नुसतं पाणी ओतून जात न्हाईत.

मग घरोघर गेले. तेल दोनच तास, दिवसा बी लावा, तान्ह्या लेकराला बिलकुल लावू नका, मच्छरदाणी सोडू नका, आठवड्याला रांजण घासा. कुणी हसलं, कुणी म्हणलं म्याडम परीक्षेत नापास. बाटलीवर बी मी तेच लिहायला लागले. हे म्हणले, असं लिवल्यावर कोण घेईल? निम्म्या लोकांनी खरंच सोडलं. अनू बरी झाली, शाळेत जायली, माझ्या दारावरून पळताना आता भट्टीला चहावाली टाकी म्हणती. काकू अजून मोकळ्या बोलत न्हाईत माझ्याशी, पण शुक्रवारी त्यांच्या अंगणातून रांजण घासल्याचा आवाज येतोय. बास, तेवढं पुरे मला.

तुमी माझी गोष्ट लिहून घ्यायलात तर सगळं लिहा, चूक बी लिहा. आन् ते पाय पुढं करा बरं, उघडेच ठेवलेत, हे डास दुपारचेच चावतेत. हं, लावलं. आता दोन तास काळजी न्हाई, तवर तुमी परभणीला पोचता. पुढचं तुमचं तुमी बघा, आन् सुखानं जावा.