प्रिंटरचं सासरचं नाव

हॅलो? खापरखेडा?… कॉम्प्युटरवाल्या जयवंताबाईले द्या ना जरा… हो, नागपूरहून… जयवंता! मी वं, प्रतापनगरच्या ऑफिसातून… तब्येतीचं मंग विचार, आधी ऐक ना! प्रिंटर आला… हाव, पण दुसऱ्याच कंपनीचा! खरेदीवाले म्हणते, प्रिंटर तो प्रिंटर, फरक काय पडते!

‘फरक’ म्हणताना फोन करणाऱ्या बाईंनी टेबलावर अशी थाप मारली की फोन हलला. सत्त्याऐंशी सालची गोष्ट. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक देवळासारखे चपला काढून येत. सकाळपासून नव्या प्रिंटरनं छापल्या त्या नुसत्या मुंग्या.

आहे, आहे, बोल… कॉम्प्युटरचं मशीन तुमच्यासारखंच, युनिक्स सिस्टीमवालं. पण ते याले ओळखतच नाही!… साहेब म्हणते, संध्याकाळपर्यंत कागद निघाला नाही त मशीन हेडऑफिसले वापस, अन मी परत टाइपरायटरवर… नाही वं, मले नाही जायचं परत! किती जीव तोडून शिकली मी हे…

काहून हसून राहिली?… खोटं सांगू मशीनले?… म्हंजे प्रिंटर हाच, पण मशीनच्या फाइलीत नाव टाकायचं त्याच्या ओळखीच्या प्रिंटरचं?… अन याच्या मागचा बारका खटका खाली केला की हा बी त्याच्यासारखाच वागते? अगं बाई, सुनेसारखंच की! नाव बदलून घे अन गुमान नांद!

पेन्सिलीच्या टोकानं खटका खाली गेला. नाव टाइप करताना बाईंनी श्वास धरून ठेवला होता.

हॅलो! ऐकू आलं? खर्रर्र!… निघून राहिला वं कागद!… मुंग्या नाही, अक्षरं! फुल्याफुल्यांचे एवढाले मोठे… काय? काम पाठवणाऱ्याचं नाव येते आधी?… एस… एच… ए…

बाईंनी कागद ओढून डोळ्यांजवळ धरला.

जयवंता… शामला लिहून आलं वं… मशीनवरचं माह्यं खातं तूच उघडलं होतं ना, इथं आली तेव्हा? रोज त मी नुसता नंबर टाकते…… कॉलेज सुटल्यापासून शामला कोणी म्हणतच नाही. घरी अरुंधती, ऑफिसात अरुंधती. लग्नात तांदळात लिहिलं, तेच… तुह्या ध्यानातच नाही राहिलं?… नाही, नाही, बदलू नको! अजिबात हात लावू नको… रडून नाही राहिली, सर्दी आहे.

थांब, साहेब आले… हो साहेब, झाला चालू… कोण शामला म्हणता?

मीच ना, साहेब!

…ठेवते वं, जयवंता. अजून एक पान काढून पाहते.