एकोणतिसाव्या क्रमांकाची लीग

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बेफ्रंट सॉकर क्लबचे प्रमुख माननीय फर्गस मॅकिल्रेथ, व्यासपीठावरील नगरसेविका श्रीमती नाडिया वुयानोविच, आजचे सत्कारमूर्ती आणि सव्वीस वर्षं या क्लबचे नोंदणी-सचिव राहिलेले श्री. ऑरेलिओ मेदेइरोश, इतकी वर्षं दर शनिवारी सकाळी त्यांना घराबाहेर जाऊ देणाऱ्या त्यांच्या पत्नी लुर्देशताई, आणि समोर जमलेले आईबाप, प्रशिक्षक, पंच व पंचांशी अजूनही बोलत असलेली मंडळी, आपणा सर्वांना व्हेरोना बास्कमचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी प्रास्ताविकाला तेवीस घेतली आणि त्यातली नऊ स्कॉटलंडवर खर्च केली, त्यामुळे मी सात घेतली तर कुणी घड्याळ दाखवू नये. मला आपण ओळखता. मी कॅन्टीन सांभाळते आणि आठवड्याचे पाच दिवस हॅमिल्टनची शहर बस चालवते. भाषण करण्याचा सराव मला नाही. 'मागे सरका' एवढंच मी मोठ्यानं बोलते.

मेदेइरोशसाहेबांच्या कामाबद्दल इतरांनी पुष्कळ सांगितलं. मी फक्त फळ्याबद्दल बोलणार आहे. कॅन्टीनच्या दाराशेजारी तो टांगलेला आहे. आपल्या देशाचे खेळाडू युरोपात ज्या ज्या लीगमध्ये खेळतात त्या सगळ्या लीग त्यावर दर्जानुसार, वरून खाली, साहेबांच्या अक्षरात लिहिलेल्या असतात. सध्या एकतीस आहेत. तिकडचे सामने आपल्याकडे न्याहारीच्या वेळी दिसतात, म्हणून साहेब शनिवारी सात वाजता येतात, सामने बघतात, आणि दुपारी फळा दुरुस्त करतात.

या फळ्यानं आपल्या क्लबात जेवढी भांडणं लावली तेवढी पंचांनीही लावली नसतील. साहेब असोरेस बेटांवरचे, म्हणजे पोर्तुगीज, आणि त्यांनी पोर्तुगालला सातवा क्रमांक दिला. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्यानं नाताळला यायचं सोडलं. लुर्देशताई, दोन नाताळ की तीन? तीन म्हणताहेत. स्कॉटलंडला बेल्जियमच्या वर न्यावं असा ठराव आपल्या अध्यक्षांनी कार्यकारिणीत मांडला. ठराव बहुमतानं मंजूर झाला. स्कॉटलंड होतं तिथेच राहिलं.

हे क्रमांक साहेब कसे लावत, असं कुणी कधी विचारलं का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, वरचे दोन संघ बघायचे नाहीत, ते सगळीकडे चांगलेच असतात. सर्वांत खालच्या संघाचा राखीव बचावपटू बघायचा. तो दमल्यावर चेंडू कुठे मारतो, त्यावरून लीग कळते. दुसरं, सामना संपल्यावर कोपऱ्यातले झेंडे कोण काढतं ते बघायचं. त्यासाठी माणसं ठेवलेली असतील तर लीग वरची. खेळाडूंनाच काढावे लागत असतील तर खालची. एखादा आपला मुलगा इंग्लंडात वर्षभर बाकावर बसला आणि दुसरा डेन्मार्कमध्ये दर आठवड्याला खेळला, तरी फळ्यावर इंग्लंड वरच. यावरून दोन बाप एकदा माझ्या कॅन्टीनमध्ये हमरीतुमरीवर आले होते. साहेब आपलं सँडविच खात राहिले.

आता मी ज्यासाठी उभी राहिले ते सांगते.

माझा मुलगा ओरिन गोलरक्षक आहे. याच मैदानावर वाढला. तीन वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, त्यानं फोन करून सांगितलं की फिनलंडमधल्या एका क्लबाशी करार झाला. लीगचं नाव युक्कोनेन. मी विचारलं, याचा अर्थ काय? तो म्हणाला, "क्रमांक एक." त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या भाषेत अर्थ तोच होतो.

मी दोन दिवस खपून काळा केक केला. आमच्या सेंट व्हिन्सेंट बेटाकडे सुकामेवा रममध्ये महिनोन् महिने भिजवून लग्नाला करतात तो. ओरिनच्या लग्नासाठी राखून ठेवलेला सगळा मेवा मी त्यात वापरला. शनिवारी इथे आणला आणि ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की आपला ओरिन एका देशाच्या क्रमांक एकच्या लीगमध्ये खेळणार आहे. साठेक माणसं होती. टाळ्या झाल्या. साहेबांनी एक तुकडा खाल्ला. दुसरा मागून घेतला, तोही खाल्ला. मग हात पुसून म्हणाले, "व्हेरोनाबाई, केक उत्तम झालाय. ती लीग त्या देशात तिसऱ्या पायरीवर आहे. नाव तेवढं तसं आहे."

कुणीतरी खोकलं. साहेबांनी खडू घेतला आणि फळ्यावर एकोणतिसाव्या जागी तिचं नाव लिहिलं.

लोकांना वाटतं की मी साहेबांवर चिडले. चिडले तर होतेच. पण मी घरी जाऊन फोन लावला तो ओरिनला. आणि त्याला म्हणाले, "तिसऱ्या पायरीवर खेळायला एवढ्या लांब जायचं होतं, तर चौदा वर्षं मी थंडीत तुला सरावाला कशाला पोचवत होते?"

तो म्हणाला, "बरं, आई."

त्यानंतर तो दर रविवारी न चुकता फोन करायचा. हवा कशी आहे ते सांगायचा, मी काय जेवले ते विचारायचा. फुटबॉलचा शब्द काढायचा नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, त्यानं आधी बोलावं. हट्टीपणा मला माझ्या आईकडून मिळाला आणि ओरिनला माझ्याकडून. बाकी काही इस्टेट आमच्या घराण्यात नाही.

पण त्याच सुमाराला फळ्यावर एकोणतिसाव्या नावापुढे एक बारीक ओळ दिसू लागली. "बास्कम: अडवले सहा, सुटले दोन." दर आठवड्याला नवी. दुसऱ्या कुठल्याच खेळाडूसाठी अशी ओळ नव्हती. मी साहेबांशी बोलत नव्हते, त्यामुळे ती वाचण्यासाठी मला फडका आणि बादली घेऊन तिथे जावं लागे. फळ्याखालची फरशी तीन वर्षं या क्लबातली सर्वांत स्वच्छ फरशी होती.

या सप्टेंबरात एका शनिवारी ती ओळ नव्हती. पुढच्या शनिवारीही नव्हती. मी साहेबांच्या खोलीत गेले आणि म्हणाले, ओळ कुठे आहे? जवळपास तीन वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. ते म्हणाले, बोट दुखावलं होतं, आज पुन्हा खेळतोय, बसा. मला बोटाचं ठाऊक नव्हतं. रविवारी त्यानं मला पाऊस पडतोय एवढंच सांगितलं होतं.

सामना एकाच कॅमेऱ्यावर दिसत होता. कॅमेरेवाला बहुधा कुणाचा तरी मामा असावा, कारण मध्ये बराच वेळ त्यानं एक कुत्रा दाखवला. मागे झाडं. माझ्या दोन बसमध्ये मावतील एवढे प्रेक्षक. ओरिननं खूप चेंडू अडवले, आणि शेवटच्या मिनिटाला एक सुटला. हरले. बाकीचे मान खाली घालून आत गेले. माझा मुलगा पट्टी बांधलेल्या हातानं चारही कोपऱ्यांत गेला आणि झेंडे उपटून बगलेत घेऊन आला.

मी म्हणाले, हे असं आहे, म्हणून एकोणतिसावी ना? साहेब म्हणाले, "हो, म्हणूनच." मग ओळ लिहायला उठले. नऊ अडवले, सुटला एक. लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "व्हेरोनाबाई, मी लीगना क्रमांक देतो. पोरांना कधी दिला नाही. तो तुम्ही दिलात."

मी फडका आणला आणि ती स्वच्छ फरशी पुन्हा पुसली.

येत्या गुरुवारी मेदेइरोश दांपत्य कायमचं असोरेसमधल्या साओ मिगेल बेटावर निघालं आहे. फळा आता कार्यकारिणीकडे जाईल. स्कॉटलंड किती वर जाईल याचा अंदाज अध्यक्षांचा चेहरा बघून आपण करू शकता. पण एप्रिलमध्ये तिकडचा हंगाम सुरू झाला की ती बारीक ओळ लिहिणारं कुणी नसेल. मी कितीही फरशी पुसली तरी मला काही कळणार नाही.

ओरिन आज इथे आहे. तिसऱ्या रांगेत, खांबाला लागून. साहेबांच्या निरोपासाठी आला आहे. उतरला मात्र त्याच्या बहिणीकडे. विमानतळ तिथून जवळ पडतो म्हणे. मला या शहराचे सगळे रस्ते पाठ आहेत. नाही पडत.

असो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे, शेवटपर्यंत बसून राहिलेल्या नगरसेविकांचे, आणि कॉड माशाचा रस्सा रांधणाऱ्या सर्व भगिनींचे आभार. मेदेइरोशसाहेब, तुम्ही माझ्या मुलाचा एकही सामना चुकवला नाही. मी एक सोडून सगळे चुकवले. याचे आभार कसे मानतात ते मला येत नाही, तेव्हा जाताना केक घेऊन जा. पूर्ण आहे, कापलेला नाही.

माझ्या बोलण्यातलं काही कुणाला लागलं असेल तर सभागृहानं मोठ्या मनानं पोटात घालावं. एक चूक मात्र सभागृहाला पोटात घालता येणार नाही. ओरिन, त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं की राहायला खोली बरी आहे का, संघातली माणसं चांगली आहेत का, तुला भीती वाटते का. मी पायरी विचारली. माझं चुकलं, बाळा. आज घरी चल आणि मला सगळे सामने पहिल्यापासून सांग.

हरलेले आधी सांग.

धन्यवाद.