ताग्यावरची लक्ष्मी

शेगाव स्टेशनच्या बाकावर कापडवाला वहाब गाडीची वाट पाहत होता. शेजारी मुंबईच्या कॉलेजातून आलेला वैजनाथ आपल्या मामीला शिक्षण समजावत होता.

"जाहिरात शिकून राह्यलो, मामी. माल खपवायची विद्या."

"त्याच्यासाठी कालेज लागते?"

"तुमच्या देव्हाऱ्यातली लक्ष्मी कुठली?"

"कापडाच्या ताग्यावरची. वीस वर्सं दिवा लावून राह्यली तिले."

"ते चित्र गिरणीवाल्यानं छापलं. गिरणी ध्यानात राहावी म्हनून."

"मंग फसला बिचारा! गिरणीचं नाव मले आजबी मालूम नाही."

"अन् कापड कोनतं घेता?"

"लक्ष्मीवालंच."

"दुसरं काऊन नाही?"

"अरे, देव बदलते का कोनी?"

वहाबनं पायाशी ठेवलेलं लक्ष्मीछाप कापडाचं गाठोडं हळूच उचलून मांडीवर घेतलं.